ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आणि वायफाय गेलं: एका जुन्या लॅपटॉपचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाईंचा हा लॅपटॉप. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

लॅपटॉप २०१५च्या सुमारास घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा त्यात विंडोज ८.१ होतं, पुढे मोफत मिळालेलं विंडोज १० त्याने घेतलं. प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरणं, एवढं काम तो वर्षानुवर्षं बिनतक्रार करत होता. हळू झाला होता, पण मोडला नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत घेता येतात, पण ती मुदतवाढ आहे, कायमची सोय नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे या लॅपटॉपला ती वाट बंद. बाईंना नवा लॅपटॉप घ्यायचा नव्हता, आणि त्यांच्या कामाचं स्वरूप पाहता तो घ्यायची गरजही नव्हती.

त्यांचा भाचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतो. त्याने सुचवलं की जुनी डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी टाकू, रॅम ८ जीबी करू आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवू. हा सल्ला मला आजही योग्य वाटतो. अशा मशीनवर मिंट चांगलं चालतं आणि मिंट २२ या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. बाई मराठी टायपिंग युनिकोडमध्येच, इनस्क्रिप्ट कळफलकावर करतात, त्यामुळे त्यांच्या जुन्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये अक्षर न बिघडता उघडल्या. प्रश्नपत्रिका जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असत्या तर मी आधी त्या फाइलींचं काय करायचं ते ठरवायला सांगितलं असतं.

भाच्याने आणखी एक गोष्ट फार चांगली केली. जुनी डिस्क त्याने फॉरमॅट मारली नाही. विंडोजसकट ती जशीच्या तशी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. पुढे सगळं हातघाईवर आलं तेव्हाही बाईंचा डेटा धोक्यात नव्हता, याचं श्रेय त्या निर्णयाला आहे.

अडचण

माझं दुरुस्तीचं दुकान जिल्ह्याच्या ठिकाणी, त्यांच्या गावापासून लांब. त्यामुळे सुरुवात फोनवरच झाली. भाचा म्हणाला, "दादा, मिंट एकदम मस्त चालतंय. आवाज, ब्राइटनेस, टचपॅड, सगळं. फक्त वायफायचं नावच नाही."

नावच नाही म्हणजे काय, हे मी नीट विचारून घेतलं. नेटवर्कची यादी येते पण जोडलं जात नाही, असं नव्हतं. वायफाय चालू-बंद करण्याचं बटणच मेनूत नव्हतं. तिथे फक्त वायरचं कनेक्शन दिसत होतं, आणि तेही जोडलेलं नाही म्हणून.

बाईंच्या घरी ब्रॉडबँड नाही. नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. शाळेत स्टाफरूममध्ये वायफाय आहे. म्हणजे वायफाय नसेल तर हा लॅपटॉप घरी आणि शाळेत दोन्हीकडे नेटशिवाय, आणि यू-डायसचं काम तर ब्राउझरमध्येच करायचं असतं. बाईंचं म्हणणं रास्त होतं: "पूर्वी हळू चालायचा, पण चालायचा तरी. आता वेगाने काहीच करत नाही."

मला फोन येईपर्यंत भाच्याने बरेच उपाय करून पाहिले होते. फंक्शन की दाबून विमान मोड चालू-बंद केला. बायॉसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन वायरलेस बंद तर नाही ना, ते पाहिलं. मग फोनवर शोधाशोध केली. कुणीतरी लिहिलेलं वाचून एका ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं) फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, बसवणारं पॅकेज फोनवर उतरवलं. ते लॅपटॉपवर न्यायला पेन ड्राइव्ह लागला. हाताशी एकच पेन ड्राइव्ह होता, ज्यावरून मिंट बसवलं होतं तोच. तो त्याने फॉरमॅट केला. पॅकेज लॅपटॉपवर गेलं, पण बसताना ते इंटरनेटवरून आणखी एक फाइल मागत होतं. नेट नव्हतं, म्हणून ते अर्धवट अडकलं. आता पॅकेज मॅनेजरही कुरकुर करायला लागला: आधी हे अर्धवट काम निस्तरा, मग दुसरं सांगा.

मूळ बिघाडावर एका उपायाचा बिघाड चढला होता. असं नेहमी होतं, आणि त्यात त्या मुलाला मी दोष देणार नाही. नेट नसलेल्या मशीनवर नेट आणण्यासाठी नेट लागतं, या पेचात सापडलेला माणूस हाती लागेल ते करून पाहतोच.

तपासणी

मी त्याला सांगितलं, आता काहीही बसवू नको. आधी नुसतं बघू.

वायफाय चालत नाही या एका तक्रारीमागे चार अगदी वेगळ्या अवस्था असू शकतात. कार्ड मशीनला दिसतच नाही, म्हणजे ते निसटलं आहे, मेलं आहे किंवा बायॉसमध्ये बंद आहे. कार्ड दिसतं, पण त्याला ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर आहे, पण रेडिओ बंद ठेवलेला आहे. किंवा हे सगळं ठीक आहे आणि अडचण नेटवर्कच्या बाजूला आहे. चारही अवस्थांत वापरणाऱ्याला दिसतं ते एकच: नेट नाही. उपाय मात्र चौघांचे चार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर अर्धवट अडकलेल्या पॅकेजसारखी भर पडते.

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड पीसीआय उपकरणांची यादी देते. तिला योग्य पर्याय जोडले की प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक आणि त्याला कुठला ड्रायव्हर लागला आहे, तेही दिसतं. भाच्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. नेटवर्क कंट्रोलर या ओळीत ब्रॉडकॉमचं नाव होतं, चिपचा क्रमांक बीसीएम४३१४२ आणि ओळख क्रमांक १४ई४:४३६५. यातला १४ई४ हा बनवणाऱ्याचा क्रमांक, ४३६५ हा त्या विशिष्ट चिपचा.

एवढ्यावरून पहिली शक्यता बाद झाली. कार्ड जिवंत होतं आणि मशीनला दिसत होतं. स्क्रू काढायची गरज नव्हती.

खालची ओळ फसवी होती. ड्रायव्हर वापरात आहे असं सांगून पुढे बीसीएमए असं काहीतरी लिहिलेलं होतं. भाचा म्हणाला, "ड्रायव्हर तर दाखवतोय ना दादा, मग?" त्याची शंका बरोबर होती. अनेक जण याच ओळीपाशी चकतात. बीसीएमए हा वायफायचा ड्रायव्हर नाही. ब्रॉडकॉमच्या चिपमध्ये आतल्या आत जी बस असते, तिच्यापर्यंत पोचवणारा तो पूल आहे. पूल तयार आहे, पण त्यावरून जाऊन रेडिओ चालवणारा ड्रायव्हर पलीकडे नाही. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपसाठी बी४३ नावाचा खुला ड्रायव्हर आहे, आणि भाच्याने ज्याचं फर्मवेअर बसवायचा प्रयत्न केला तो हाच. पण बीसीएम४३१४२ ही चिप बी४३ला चालवता येत नाही. ते पॅकेज पूर्ण बसलं असतं तरी वायफाय आलं नसतं.

या चिपला एसटीए नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो. कर्नलमध्ये त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा तुकडा) डब्ल्यूएल या नावाने दिसतं. त्याचा गाभा बंद स्वरूपात येतो, स्रोत उघडा नाही. त्यामुळे तो कर्नलचा भाग होऊ शकत नाही आणि नव्या इन्स्टॉलेशनमध्ये आपोआप चालूही होत नाही. मिंट बसवताना काही चुकलं होतं असं नव्हे. विंडोजमध्ये हेच कार्ड चालत होतं, कारण तिथे कारखान्यातूनच ड्रायव्हर भरलेला होता.

आरएफकिल ही कमांडही चालवून घेतली. रेडिओ बंद आहे का, आणि असला तर सॉफ्टवेअरने की बटणाने, हे ती सांगते. तिच्या यादीत वायफायचा उल्लेखच नव्हता. ड्रायव्हरच नाही तर बंद करायला रेडिओ कुठून येणार? म्हणजे विमान मोडची की कितीही दाबली तरी उपयोग नव्हता.

निदान पक्कं झालं: दुसरी अवस्था. कार्ड आहे, ड्रायव्हर नाही.

पर्याय

आता ड्रायव्हर लॅपटॉपवर न्यायचा कसा, आणि मुळात न्यायचाच का, यावर बाईंसकट बोलणं झालं.

सर्वात सोपी सोय हातची गेली होती. मिंटच्या इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवर ब्रॉडकॉमचे ड्रायव्हर असतात आणि अलीकडच्या आवृत्त्यांत ड्रायव्हर मॅनेजर नेट नसताना तो पेन ड्राइव्ह लावायला सांगून तिथूनच ते बसवतो. पण तो पेन ड्राइव्ह फॉरमॅट झाला होता. पुन्हा तयार करायला दुसरा कॉम्प्युटर आणि काही जीबींचं डाउनलोड हवं. अशक्य नव्हतं, पण लांबचा रस्ता होता.

लॅन केबलचा विचार झाला. लॅपटॉपला लॅन पोर्ट आहे, घरी राउटर नाही. शाळेच्या संगणक कक्षात सोय झाली असती, त्यासाठी शाळा उघडण्याची वाट पाहावी लागली असती.

फोनला केबल लावून यूएसबी टिथरिंग करता येणार होतं. यात फोनचा मोबाइल डेटा केबलमधून लॅपटॉपला मिळतो आणि लिनक्सला तो वायरच्या कनेक्शनसारखा दिसतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

यावर बाईंनी फार चांगला प्रश्न विचारला. "केबलने नेट येत असेल तर वायफाय हवंच कशाला? केबलच लावत जाईन." घरापुरतं ते खरंच पुरलं असतं. पण शाळेत स्टाफरूमचं वायफाय वापरायचं असेल तर ते पुरलं नसतं. शिवाय रोजच्या रोज केबल काढ-घाल करून फोनचं चार्जिंग पोर्ट ढिलं होतं, ते दुकानात मी सतत पाहतो. तात्पुरता उपाय म्हणून उत्तम, कायमचा म्हणून नको, असं ठरलं.

यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल घेणं हाही पर्याय होता. काही शे रुपयांत मिळतो. पण स्वस्त डोंगलच्या आत कुठली चिप आहे ते खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं, आणि एकाच नावाच्या डोंगलमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी चिप निघते. ड्रायव्हरचा तोच प्रश्न विकत घ्यायचा धोका होता. आतलं कार्ड बदलणं हा माझ्या मते सर्वात टिकाऊ उपाय, कारण इंटेलच्या त्या काळातल्या बहुतेक कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. पण काही लॅपटॉपांचं बायॉस ठरावीक कार्डंच स्वीकारतं आणि अँटेनाच्या तारांची टोकं इतकी नाजूक असतात की ते काम फोनवरून सांगून करून घेण्यासारखं नाही. हा उपाय राखीव ठेवला.

शेवटचा पर्याय, जुनी डिस्क परत लावायची. तो कपाटात सुरक्षित होता, म्हणूनच बाकीचं शांतपणे करता येणार होतं.

यूएसबी टिथरिंगने नेट आणायचं, ड्रायव्हर बसवायचा आणि ते जमलं नाही तर कार्ड बदलायचं, असा क्रम ठरला.

केलेली कृती

भाच्याने फोन जोडला, पण टिथरिंगचा पर्याय फोनवर फिकट राहिला, दाबताच येईना. फोन चार्ज मात्र होत होता. केबलमध्येच गोम होती. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. बाईंच्या फोनच्या खोक्यातली मूळ केबल काढली आणि पर्याय लगेच उजळला. टिथरिंग चालू केल्याबरोबर लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायरचं कनेक्शन जोडलं गेल्याचं चिन्ह आलं.

नेट आलं की लगेच ड्रायव्हरकडे धावायचा मोह होतो. आधी तुटलेलं नीट केलं. अडकलेलं बी४३चं पॅकेज काढून टाकलं आणि पॅकेज मॅनेजर विनातक्रार चालतो हे पाहून घेतलं. मग पॅकेजची यादी ताजी केली आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडला. त्याने कार्ड स्वतःहून ओळखलं आणि योग्य ड्रायव्हर सुचवला. कुठलीही कमांड कुठूनही उचलून चिकटवायची गरज पडली नाही.

हा ड्रायव्हर डीकेएमएस या पद्धतीने बसतो, म्हणजे तयार फाइल नुसती कॉपी होत नाही, तर लॅपटॉपवर चालू असलेल्या कर्नलसाठी मॉड्यूल तिथल्या तिथे बांधलं जातं. याला थोडा वेळ लागतो. मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगणारी खिडकी आली, भाच्याने काहीतरी टाकलं. काम पूर्ण झालं. लॅपटॉप रीस्टार्ट केला.

वायफाय नाही.

दुसरा अडथळा: नाकारलेली किल्ली

या टप्प्यावर बरेच जण उपाय चुकला असं समजून मागे फिरतात. भाचाही हिरमुसला. पण मी पुन्हा तोच फोटो मागवला, आणि त्यात फरक होता. पूर्वी ड्रायव्हरच्या ओळीत बीसीएमए होतं, आता ती ओळच नव्हती. नवं पॅकेज आपल्या आड येणाऱ्या बीसीएमए, बी४३ वगैरे मॉड्यूलांना काळ्या यादीत टाकतं. म्हणजे पॅकेजने आपलं काम केलं होतं, जुना पूल बाजूला झाला होता, पण नवा ड्रायव्हर काही आत आला नव्हता. वरून दिसायला अवस्था तीच होती, पण बिघाड वेगळा होता.

डब्ल्यूएल मॉड्यूल हाताने चढवायला सांगितलं. उत्तर आलं की किल्ली नाकारली गेली आहे. आता सगळं स्पष्ट झालं. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू होतं.

सिक्युअर बूट चालू असताना लिनक्सचा कर्नल फक्त विश्वासातल्या किल्लीने सही केलेली मॉड्यूलं आत घेतो. कर्नलबरोबर येणाऱ्या मॉड्यूलांवर सही असते. पण हे मॉड्यूल बाईंच्या लॅपटॉपवरच बांधलेलं. त्यावर सही करायला डीकेएमएस मशीनवरच एक किल्ली तयार करतं, आणि ती किल्ली विश्वासातली आहे हे लॅपटॉपच्या फर्मवेअरला मालकाने स्वतः सांगावं लागतं. मधल्या खिडकीत विचारलेला पासवर्ड त्यासाठीच होता. पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो. कुठलीही की दाबा, असं म्हणत तो सुमारे दहा सेकंद थांबतो. की दाबली तर किल्ली नोंदवण्याचा मेनू येतो. नाही दाबली तर मशीन गुपचूप पुढे बूट होतं आणि नोंदणीची विनंती पुन्हा करावी लागते.

"निळं काहीतरी आलं होतं," भाचा म्हणाला. "मला वाटलं अपडेट असेल. मी चहा घ्यायला उठलो होतो."

इथे या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण होता. सिक्युअर बूट बंद करायचं की किल्ली नोंदवायची?

बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं पाच मिनिटांचं काम, आणि बरेच जण तेच सुचवतात. घरगुती वापरात त्याने लगेच आभाळ कोसळत नाही. बूट होताना कुणी छेडछाड केलेलं सॉफ्टवेअर घुसू नये यासाठी ते संरक्षण असतं, आणि बाईंच्या वापरात तो धोका मोठा नाही. तरी मी किल्ली नोंदवण्याच्या बाजूने होतो, आणि माझं मुख्य कारण सुरक्षेपेक्षा व्यवहाराचं होतं. लॅपटॉप जुना आहे. बायॉसच्या सेटिंगला आणि घड्याळाला जपणारी छोटी बटण-बॅटरी अशा वयात कधीही दगा देते. ती गेली की काही लॅपटॉपांत मूळ सेटिंग परत येतात, म्हणजे सिक्युअर बूट पुन्हा चालू. मग एका सकाळी बाई लॅपटॉप उघडणार आणि वायफाय नसणार. आदल्या दिवशी कुणी काहीच केलेलं नसणार. असा बिघाड शोधणं फार त्रासाचं असतं. नोंदवलेली किल्ली मात्र फर्मवेअरच्या फ्लॅश मेमरीत राहते, ती त्या बॅटरीवर अवलंबून नसते. आणि एकदा नोंदवली की पुढच्या प्रत्येक कर्नल अपडेटनंतर बांधलेल्या मॉड्यूलावर त्याच किल्लीने सही होते.

बाईंना दोन्ही बाजू सांगितल्या. त्या म्हणाल्या, "जे एकदा करून विसरता येईल ते करा."

विनंती पुन्हा नोंदवली. पासवर्डच्या बाबतीत एक काळजी घेतली, जी मराठीत टाइप करणाऱ्या प्रत्येकाने घ्यायला हवी. तो निळा पडदा लिनक्सच्या आधी येतो, तिथे इनस्क्रिप्ट नसतं. पासवर्ड ठरवताना कळफलक मराठीवर राहिला असेल तर नंतर तो त्या पडद्यावर टाकताच येणार नाही. म्हणून आधी कळफलक इंग्रजीवर आणला, मग लहान इंग्रजी अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड ठरवला आणि कागदावर लिहून ठेवला. तो एकदाच लागतो.

या वेळी व्हिडिओ कॉल चालू ठेवूनच रीस्टार्ट केलं. निळा पडदा आला, भाच्याने एंटर दाबलं, किल्ली नोंदवण्याचा पर्याय निवडला, पुढे चला, हो, पासवर्ड, रीबूट. पासवर्ड टाकताना अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर तिथे हात थबकतो.

मिंट उघडलं आणि कोपऱ्यात वायफायचं चिन्ह आलं. यादीत शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसू लागली.

तिसरा अडथळा: दिसत नसलेला हॉटस्पॉट

शेजाऱ्यांची सगळी दिसत होती, भाच्याच्या फोनचा हॉटस्पॉट तेवढा दिसत नव्हता.

आता कार्ड, ड्रायव्हर आणि रेडिओ तिन्ही ठीक होते, हे त्या यादीनेच सिद्ध केलं होतं. म्हणजे चौथी अवस्था: अडचण लॅपटॉपच्या बाहेर. बीसीएम४३१४२ ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ५ गिगाहर्ट्झ तिला ऐकूच येत नाही. भाच्याच्या नव्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला होता. विंडोज असतं तरी या कार्डाला तो दिसला नसता. बाईंचा स्वतःचा जुना फोन २.४वर असल्याने हा प्रश्न यापूर्वी कधी उभाच राहिला नव्हता. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलला आणि नाव यादीत आलं.

फोनची केबल काढून यू-डायसचं पान उघडलं, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा भाच्याला शाबासकी दिली.

परिणाम

शाळेतल्या स्टाफरूमच्या वायफायला लॅपटॉप पहिल्याच दिवशी जोडला गेला. पुढे कर्नलचं अपडेट आलं, डीकेएमएसने मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधलं, किल्ली आधीच नोंदवलेली असल्याने निळा पडदा आला नाही. बाईंना यातलं काही कळलंही नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं.

एक कच्चा दुवा मात्र आहे आणि तो मी त्यांना स्पष्ट सांगितला आहे. या ड्रायव्हरची मूळ आवृत्ती २०१५मधली आहे. लिनक्सच्या वितरणांचे लोक नव्या कर्नलसाठी त्याला ठिगळं लावत तो चालता ठेवतात. एखाद्या मोठ्या कर्नल बदलानंतर मॉड्यूल बांधलं गेलं नाही आणि वायफाय गेलं, असं होऊ शकतं. तेव्हासाठी भाच्याला दोन गोष्टी दाखवून ठेवल्या. बूट होताना ग्रब या सुरुवातीच्या मेनूतून मागचा कर्नल कसा निवडायचा, आणि जुने सगळे कर्नल एकदम पुसून का टाकायचे नाहीत. बाईंच्या ड्रॉवरमध्ये डेटाची चांगली केबल ठेवलेली आहे. तरीही त्रास व्हायला लागला तर राखीव ठेवलेला उपाय, कार्ड बदलण्याचा, आहेच. त्यासाठी लॅपटॉप माझ्याकडे यावा लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा फरक पडला असता तो जुनी डिस्क काढण्याआधी. विंडोज चालू असतानाच डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायरलेस कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन त्याचे हार्डवेअर आयडी पाहता येतात. तिथेही व्हेंडर १४ई४ आणि डिव्हाइस ४३६५ हेच आकडे लिहिलेले असतात. फोनवर त्याचा एक फोटो काढून ठेवला असता तर कुठला ड्रायव्हर लागणार हे लिनक्स उतरवण्याआधीच शोधता आलं असतं. लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावरून शोधणं पुरत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं बसवलेली असतात. भाच्याला चुकीचं पॅकेज सापडलं ते अशा शोधातूनच.

मिंट पेन ड्राइव्हवरून न बसवता नुसतं चालवून पाहता येतं. तिथे वायफाय दिसलं नसतं, आणि हे बसवण्याआधी कळणं हाच फायदा होता. पेन ड्राइव्ह शाबूत असताना ड्रायव्हर मॅनेजरने ड्रायव्हर तिथूनच घेतला असता, फोनची केबलही लागली नसती. सगळं चालतंय याची खात्री होईपर्यंत तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कशालाही वापरू नये, असं आता मी प्रत्येकाला सांगतो.

निळ्या पडद्याच्या बाबतीत मला वाटतं की दोष कुणा एकाचा नाही. पासवर्डची खिडकी येते तेव्हा पुढच्या रीस्टार्टला काय होणार हे इंग्रजीत, लांबलचक लिहिलेलं असतं, आणि ते कुणी वाचत नाही. फोनवरून मदत करताना ड्रायव्हर बसवण्याआधीच सिक्युअर बूटची स्थिती विचारून घेणं आणि पहिला रीस्टार्ट व्हिडिओ कॉलवर करणं, हा क्रम या प्रकरणानंतर मी पक्का केला आहे.

डोंगल आधीच का घेतला नाही, असं एका सहकाऱ्याने विचारलं. नेट तातडीने हवं असतं आणि फोनची चांगली केबल नसती, तर मीही योग्य चिपचा डोंगल सुचवला असता. निकालपत्रकांच्या आठवड्यात ही वेळ आली असती तर मी थेट जुनी डिस्क परत लावायला सांगितलं असतं आणि बाकीचं सुट्टीवर ढकललं असतं. इथे वेळ होता, म्हणून मुळापर्यंत जाता आलं.

विंडोज पुन्हा टाकणाऱ्यांनाही हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचं नेटवर्क कंट्रोलर दिसलं तर कार्ड आहे आणि ड्रायव्हर नाही. तिथेही हार्डवेअर आयडीच पाहायचा, फोन केबलने जोडून नेट आणायचं आणि लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून त्याच आयडीचा ड्रायव्हर घ्यायचा. विंडोज ११चं सेटअप तर सुरुवातीलाच नेट मागतं, त्यामुळे ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर काढून ठेवलेला बरा.